ड्रॅग रेसिंग इंजिनात तेलाचा दाब स्थिर ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रॅग शर्यतीत गाडी उभ्या स्थितीतून सुटून छोटे अंतर सरळ रेषेत पार करते. ही धाव काही सेकंदांत आटोपते, परंतु तेवढ्या वेळात इंजिनाच्या वंगण यंत्रणेवर पडणारा ताण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या वाट्याला सहसा येत नाही. या विषयावर पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ती प्रामुख्याने मागच्या चाकांवर चालणाऱ्या, इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेल्या गाड्यांना लागू पडतात.

दाब पंप तयार करतो का?

ऑइल पंप दर फेऱ्याला ठराविक आकारमानाचे तेल पुढे ढकलतो, म्हणजे तो प्रवाह तयार करतो. गॅलऱ्यांमधून, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या वाटांमधून, आणि बेअरिंगच्या बारीक फटींमधून बाहेर पडताना त्या प्रवाहाला जो अडथळा होतो, त्यातून दाब निर्माण होतो. ठरावीक मर्यादेनंतर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचे तेल परत पाठवतो.

यावरून दाब कमी होण्याची कारणे दोन गटांत पडतात. एक तर तेलाला बाहेर पडायची वाट मोठी झालेली असते : बेअरिंग झिजलेली असतात, तेल पातळ झालेले असते किंवा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडाच अडकलेला असतो. नाहीतर पंपापर्यंत पुरेसे तेल पोहोचतच नसते. पहिल्या गटातला बिघाड आयडलिंगलाही दिसतो आणि सहसा हळूहळू वाढतो. दुसऱ्या गटातला बिघाड गाडी उभी असताना अजिबात दिसत नाही. तो फक्त धावेत आणि तोही क्षणभर प्रकट होतो. ड्रॅग इंजिनांची बहुतेक दुखणी दुसऱ्या गटातली असतात, आणि तरीही उपाय पहिल्या गटाचे केले जातात : जाड तेल, मोठा पंप, कडक स्प्रिंग. म्हणून आधी पंपाच्या तोंडापाशी काय चालले आहे ते पाहावे आणि त्यानंतरच पंपाच्या पुढच्या भागाकडे वळावे, असा माझा आग्रह आहे.

किती दाब पुरेसा मानावा?

दर हजार आरपीएमला १० पीएसआय, हा जुना ठोकताळा आजही सुरुवातीसाठी उपयोगी आहे. त्यानुसार ८,००० आरपीएमला ८० पीएसआय, म्हणजे सुमारे ५.५ बार दाब हवा. फटी काटेकोर ठेवलेल्या आधुनिक इंजिनांत याहून कमी दाबावरही काम भागते.

बेअरिंगवरचा भार पंपाचा दाब उचलत नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. फिरणारे जर्नल, म्हणजे क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये बसलेला गोल भाग, तेलाला निमुळत्या फटीत ओढून घेते आणि तेथे हजारो पीएसआयचा दाब आपोआप तयार होतो. भार त्या थरावर तोलला जातो. पंपाचे काम त्या फटीत तेल अखंड पुरवण्याचे आहे. मग पुरवठ्याचा दाब आरपीएमबरोबर का वाढवावा लागतो? कारण क्रँकशाफ्टमधल्या छिद्रांतून तेल आत जाताना त्याला केंद्रोत्सारी बलाविरुद्ध जावे लागते. ६२ मिलिमीटर व्यासाच्या मेन जर्नलमध्ये छिद्र अक्षापर्यंत जात असेल, तर ८,००० आरपीएमला केवळ पृष्ठभागापासून मध्यापर्यंत पोहोचण्यासाठी सुमारे ४२ पीएसआय खर्ची पडतात, आणि ९,००० आरपीएमला हाच आकडा ५४ च्या आसपास जातो. ही वाढ आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात होते. ज्या क्रँकमध्ये छिद्र अक्षापासून दूर राहून तिरकस जाते, तेथे ही किंमत बरीच कमी असते.

नायट्रोमिथेनवर चालणाऱ्या टॉप फ्युएल या ड्रॅग वर्गातल्या इंजिनांचे गणित वेगळे आहे. त्यांत एसएई ७० इतके जाड तेल वापरतात. सुरू करताना दाब २०० पीएसआयच्या आसपास आणि धावेत १६० ते १७० पीएसआय असतो, आणि संघागणिक हे आकडे बदलतात. सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन तेलात मोठ्या प्रमाणात मिसळत असल्याने तेथे एवढे जाड तेल आणि एवढा दाब लागतो. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात त्यांचे अनुकरण करण्यात काहीच अर्थ नाही.

गाडी सुटण्याच्या क्षणी दाब का घसरतो?

गाडी पुढे झेपावते तेव्हा पॅनमधले, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यातले, तेल मागे राहू पाहते. गाडीचे त्वरण १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके, असेल तर तेलाची पातळी ४५ अंशांनी तिरकी होते, २ जीला सुमारे ६३ अंशांनी आणि ३ जीला सुमारे ७२ अंशांनी. हे आकडे कागदावर फारसे भीतिदायक वाटत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष मापे घालून पाहू. संप, म्हणजे पॅनचा तेल साठणारा खोल भाग, २५ सेंटिमीटर लांब आहे आणि त्वरण २ जी आहे, असे धरले तर मागच्या भिंतीपाशी तेलाची पातळी पुढच्या भिंतीपेक्षा ५० सेंटिमीटर उंच जायला हवी. इतका खोल संप कोणत्याच गाडीत नसतो. त्यामुळे तेल मागच्या भिंतीवर चढते, तेथून क्रँकच्या फिरत्या वजनांवर आदळते, आणि संपच्या पुढच्या भागात तळ उघडा पडतो. पिकअप, म्हणजे पंपाला तेल पोहोचवणाऱ्या नळीचे जाळीदार तोंड, त्या उघड्या भागात असेल तर पंप हवा ओढू लागतो.

८,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १३३ फेरे घेतो. पिकअप ०.३ सेकंद उघडा राहिला तर पंप क्रँकच्या ४० फेऱ्यांइतका वेळ हवा ढकलत राहतो, आणि ती हवा नेमक्या सर्वाधिक भाराच्या वेळी बेअरिंगपर्यंत पोहोचते.

मग पिकअप नेमका कुठे असावा?

संपच्या अगदी मागच्या भिंतीलगत. पॅनच्या तळापासून जाळीचे अंतर ६ ते १० मिलिमीटर ठेवावे. त्याहून कमी ठेवल्यास तेलाचा मार्ग चोंदतो आणि जास्त ठेवल्यास पातळी थोडी उतरताच भोवरा होऊन हवा शिरते.

हे अंतर डोळ्यांनी अजमावू नये. जाळीवर मॉडेलिंग क्लेची गोळी ठेवावी, गॅस्केट लावून पॅन बोल्टने पूर्ण आवळावा, मग उतरवून दबलेल्या गोळीची जाडी व्हर्नियरने मोजावी. गॅस्केटशिवाय मोजले तर आकडा तेवढ्याने चुकतो आणि चूक धोक्याच्या बाजूला होते, कारण प्रत्यक्षात अंतर मोजल्यापेक्षा जास्त निघते.

पिकअपची नळी पंपात केवळ ठोकून बसवलेली असेल तर ती कंपनांनी सैल होऊ शकते, म्हणून तिला ब्रॅकेटने आधार द्यावा किंवा पंपाच्या झाकणाला वेल्ड करावी. वेल्डिंगपूर्वी रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बाहेर काढणे आवश्यक आहे. उष्णतेने तिचा ताण गेला की नवा पंपसुद्धा कमी दाब देतो आणि कारण सापडता सापडत नाही. नळीच्या जोडावरच्या ओ-रिंगकडेही असेच लक्ष द्यावे. तेथे फट असेल तर तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

पॅनमध्ये आतून काय काय असायला हवे?

संपच्या वर तेल चढू नये म्हणून आडवे झाकण, म्हणजे बॅफल. पिकअपच्या पुढे एकाच दिशेने उघडणारे ट्रॅपडोअर, जे तेलाला मागे येऊ देते पण पुढे पळू देत नाही. आणि क्रँकच्या खाली विंडेज ट्रे, म्हणजे क्रँकला पॅनमधल्या तेलापासून वेगळे ठेवणारा पत्रा. क्रँकभोवती फिरणारे तेल खरवडून खाली पाडणारा स्क्रॅपर लावला तर त्याचे क्रँक आणि कनेक्टिंग रॉडपासूनचे अंतर इंजिन हाताने पूर्ण फिरवून तपासावे. जागा असेल तर पॅनची बाजू रुंद करून घेणे फायद्याचे असते. क्रँकने भिरकावलेल्या तेलाला तेथे शांत व्हायला जागा मिळते.

ट्रॅपडोअरची बिजागरी बसवण्यापूर्वी बोटाने हलवून पाहावी. वेल्डिंगच्या थेंबाने अडकलेले दार नसलेल्या दारापेक्षा वाईट असते, कारण ते तेलाची परतीची वाट बंद करते.

धाव संपल्यावर, थ्रॉटल सोडल्यानंतर दाब पडला तर काळजी करावी का?

होय, आणि सुटतानाच्या घसरणीइतकीच करावी. ब्रेक लागतात किंवा पॅराशूट उघडते तेव्हा तेल एकदम पुढे धावते आणि मागच्या भिंतीजवळचा पिकअप कोरडा पडतो. त्या वेळी आरपीएम अजून खूप असतात. थ्रॉटल बंद असल्याने इंजिनावर भार नाही, असा एक समज आहे. प्रत्यक्षात पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा त्याला थोपवायला ज्वलनाचा दाब नसल्यामुळे पिस्टनचे सारे जडत्व रॉडच्या कॅपवर, म्हणजे खालच्या बेअरिंग शेलवर येते. रॉड बेअरिंगच्या खालच्या शेलवर झीज दिसली तर डेटा लॉगरने केलेल्या नोंदीचा (लॉगचा) शेवटचा भाग आवर्जून पाहावा.

रेषा ओलांडताच इंजिन गिअरमधून मोकळे करणे आणि आरपीएम लवकर खाली आणणे, हा चालकाच्या हातातला सर्वांत सोपा उपाय आहे. यंत्रणेच्या बाजूने ट्रॅपडोअर आणि अॅक्युम्युलेटर (दाबाखाली राखीव तेल साठवणारे नळकांडे) यांचा उपयोग होतो.

तेलाची पातळी वाढवली तर प्रश्न सुटेल का?

थोडीशी वाढवून काही वेळा सुटतो. मात्र पातळी क्रँकच्या जवळ गेली की क्रँक ते तेल फेटू लागतो, शक्ती वाया जाते आणि तेलात हवा मिसळते. पंप ही मिश्रित हवा तेलाबरोबरच पुढे ढकलतो. गेजवर दाब जवळपास ठीक दिसू शकतो, पण बेअरिंगमधला थर पोकळ असतो. पॅन मोठा केला असेल तर डिपस्टिकवर नवी खूण करणे विसरू नये.

याच संदर्भात तेल परत येण्याच्या वाटाही पाहाव्यात. पंप मिनिटाला ४० लिटर तेल हलवत असेल तर पाच लिटरचा साठा साधारण साडेसात सेकंदांत एकदा पूर्ण फिरतो. सिलिंडर हेडमध्ये आणि व्हॅली भागात (व्ही-इंजिनातल्या सिलिंडरच्या दोन रांगांमधली जागा) त्यातला दीड-दोन लिटर अडकून बसला तर धावेच्या उत्तरार्धात पॅनमध्ये उरणार किती? हेडमधली निचऱ्याची छिद्रे मोकळी व गुळगुळीत करणे आणि रोलर लिफ्टरच्या इंजिनांत वरच्या भागाकडे जाणारे तेल रिस्ट्रिक्टरने, म्हणजे बारीक छिद्राच्या अडथळ्याने, मर्यादित करणे, हे दोन्ही उपाय येथे उपयोगी पडतात. रिस्ट्रिक्टर बसवताना लिफ्टर आणि रॉकर उत्पादकाच्या सूचना डावलू नयेत. व्हॉल्व्ह स्प्रिंग थंड ठेवण्याचे कामसुद्धा हेच तेल करते.

जास्त क्षमतेचा पंप लावावा का?

फटी मुद्दाम मोठ्या ठेवल्या असतील किंवा तेलाला जायच्या वाटा वाढवल्या असतील तर लावावा. पिकअप उघडा पडत असेल तर असा पंप पॅन अधिक लवकर रिकामा करतो. शिवाय न लागणारे तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहते, तापते आणि पंपाच्या ड्राइव्ह शाफ्टवर भार वाढवते. कॅमवरून चालणाऱ्या पंपांत डिस्ट्रिब्युटरचे गिअर झिजलेले आढळले तर त्यामागे हे कारण असू शकते.

क्रँककेसमधली हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप लावल्यापासून तेलाचा दाब कमी दिसतो. काही बिघडले आहे का?

बहुधा नाही. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो, तर रिलीफ व्हॉल्व्हची तुलना सहसा क्रँककेसमधल्या दाबाशी होते. क्रँककेसमध्ये १५ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असेल तर गेज सुमारे ७ पीएसआय कमी दाखवेल, आणि बेअरिंगला मिळणारा दाबातला फरक मात्र होता तेवढाच राहील.

खरी अडचण पंपाच्या आत येण्याच्या बाजूला होते. पंप तेल ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पॅनमधल्या तेलावरचा हवेचा दाब ते तेल पंपात ढकलतो. हा दाब मुळातच १४.७ पीएसआय असतो, आणि १५ इंच व्हॅक्यूममध्ये तो निम्म्यावर येतो. पिकअपची नळी अरुंद असेल, तिला तीव्र वळणे असतील किंवा तेल थंड असेल, तर पंपात बुडबुडे तयार होऊन कॅव्हिटेशन सुरू होते. पंप पुढे आणि संप मागे असलेल्या इंजिनांत आणखी एक तोटा होतो : अर्धा मीटर लांबीच्या नळीतले तेल ३ जी त्वरणाने पुढे न्यायलाच जवळपास २ पीएसआय लागतात. वेट संप असलेल्या, म्हणजे तेल पॅनमध्येच साठवणाऱ्या, गाडीत व्हॅक्यूम वाढवताना म्हणूनच प्रत्येक टप्प्यावर लॉग पाहावा. शिवाय जास्त व्हॅक्यूममध्ये पिस्टन पिनला उडणारे तेल कमी मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

ड्राय संप घेतला की चिंता मिटते का?

ड्राय संपमध्ये तेल वेगळ्या टाकीत साठवतात, त्यामुळे पॅनमधले तेल हलण्याची चिंता मिटते. पंपाचे स्कॅव्हेंज भाग, म्हणजे तेल परत ओढणारे भाग, पॅनमधले तेल आणि हवा ओढून टाकीत टाकतात, टाकीत वरून कडेने शिरणारे तेल गोल फिरत खाली येताना हवेपासून वेगळे होते, आणि तळातून दाबाच्या भागाला स्वच्छ तेल मिळते. स्कॅव्हेंज भागांची एकूण क्षमता दाबाच्या भागाहून बरीच जास्त लागते, कारण त्यांच्या वाट्याला हवाही येते.

टाकीच्या जागेकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. वजन मागे जावे म्हणून टाकी डिकीत बसवली जाते. टाकीपासून पंपापर्यंत अडीच मीटर नळी आहे आणि गाडी ३ जीने सुटते, असे समजा. नळीतला तेलाचा तो संपूर्ण स्तंभ गाडीबरोबर पुढे न्यायला सुमारे ६४ किलोपास्कल, म्हणजे ९ पीएसआयहून अधिक दाब लागतो. हवेचे १४.७ पीएसआय हाताशी असताना त्यातले ९ येथेच संपतात, आणि घर्षणाचा तोटा अजून धरलेलाच नाही. टाकी पंपाच्या पुढे बसवली तर हेच त्वरण तेलाला पंपात ढकलते आणि तोट्याच्या जागी फायदा होतो. जागेची अडचण असेल तर निदान टाकी पंपाजवळ आणि नळी १९ ते २५ मिलिमीटर आतील व्यासाची, कमीत कमी वळणांची ठेवावी. टाकीतून तेल बाहेर पडण्याचे तोंड तळाच्या मागच्या बाजूला असावे.

अॅक्युम्युलेटरचा उपयोग कितपत होतो?

वेट संपच्या गाडीत चांगला होतो. एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचे तेल असलेले हे नळकांडे दाब पडताच आपला साठा गॅलरीत सोडते. पंप त्या तेलाने उलटा भरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावाच लागतो. त्याची नळी आणि व्हॉल्व्ह अरुंद असतील तर तेल वेळेत पोहोचत नाही. क्षणभराचा खंड भरून काढायला तो उत्तम आहे. चुकीच्या जागी बसलेल्या पिकअपची भरपाई त्याच्याकडून करून घेऊ नये.

तेल कोणत्या ग्रेडचे आणि किती तापमानाचे असावे?

ग्रेड बेअरिंगच्या फटीवर ठरतो. जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट ही सुरुवात मानतात. ६२ मिलिमीटरच्या जर्नलला ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. शर्यतीच्या इंजिनात त्याहून किंचित जास्त ठेवली जाते. फट जितकी मोठी, तितके जाड तेल. फटी लहान ठेवून १०डब्ल्यू-३० सारखे पातळ तेल वापरण्याचा मार्ग मला अधिक पटतो, कारण पातळ तेल पिकअपमधून सहज येते आणि लवकर खाली परतते. अर्थात त्यासाठी क्रँक आणि ब्लॉक वाकत नसावेत आणि मोजमाप बोअर गेजने केलेले असावे.

ड्रॅगमध्ये इंजिन थंड ठेवून धावण्याची सवय असते, पण पाणी थंड ठेवणे आणि तेल थंड ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत. थंड तेलात गेज भरघोस दाब दाखवतो आणि त्याच वेळी पंपाच्या तोंडाशी तेल अपुरे पडते. सुरुवातीच्या रेषेवर येण्यापूर्वी तेल किमान ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, गरज पडल्यास पॅनला किंवा टाकीला हीटर लावून. मेथॅनॉलवर चालणाऱ्या इंजिनात इंधन आणि पाणी तेलात उतरते, म्हणून तेल दुधाळ दिसू लागताच बदलावे.

गेज पुरेसा आहे की डेटा लॉगर हवाच?

गेजचा काटा ०.२ सेकंदांची घसरण दाखवू शकत नाही, आणि दाखवली तरी त्या क्षणी चालकाची नजर तेथे नसते. सेन्सर मेन गॅलरीच्या पंपापासून सर्वांत दूरच्या टोकाला लावावा, कंपनांपासून वाचवण्यासाठी छोट्या नळीवर बसवावा आणि सेकंदाला निदान ५० नोंदी घ्याव्यात.

लॉग वाचताना दाब, आरपीएम आणि लांबीच्या दिशेचे त्वरण या तिन्ही रेषा एकाखाली एक लावाव्यात. त्वरणाच्या शिखराबरोबर दाबात खळगा पडून त्वरण उतरताच तो भरून निघत असेल तर पिकअप उघडा पडत आहे. आरपीएम चढत असताना दाब आधी सपाट होऊन मग खाली वळत असेल तर पंपात कॅव्हिटेशन होत असण्याची शक्यता मोठी आहे. धावेच्या उत्तरार्धात दाब हळूहळू ओसरत असेल तर तेल वर अडकले आहे किंवा त्यात हवा मिसळली आहे. सगळ्या धावेभर करवतीच्या दातांसारखी थरथर असेल आणि पॅन भरलेला असेल, तर पिकअपच्या जोडातून हवा येते का ते आधी तपासावे. सर्व धावांमध्ये समान प्रमाणात दाब उतरलेला असेल, तेव्हा कुठे बेअरिंग आणि रिलीफ व्हॉल्व्हकडे वळावे.

नवे बांधलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी काय करावे?

पंप आणि सर्व गॅलऱ्या तेलाने भराव्यात. डिस्ट्रिब्युटरवरून चालणारा पंप ड्रिल मशीनने फिरवता येतो. क्रँकवर बसलेल्या पंपाच्या इंजिनात बाहेरून दाबाने तेल भरावे लागते. क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत प्रत्येक रॉकरपाशी तेल येईपर्यंत हे चालू ठेवावे.

धावेत दाब पूर्ण गेला तर?

थ्रॉटल सोडून इंजिन ताबडतोब बंद करावे आणि गाडी कडेला घ्यावी. ठरावीक आरपीएमच्या वर दाब मर्यादेखाली गेल्यास इग्निशन आणि इंधन तोडणारी व्यवस्था ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकात, असेल तर ती चालू ठेवावी. सुरू होतानाचा कमी दाब आणि क्षणिक खळगे यांनी ती विनाकारण काम करणार नाही एवढा विलंब तिच्यात द्यावा. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर सांडलेले तेल स्वतःच्याच मागच्या टायरखाली येते, म्हणून इंजिनाखालचे तेल अडवणारे आवरण नियमाने सक्तीचे नसलेल्या वर्गातही लावावे.

पुन्हा सुरू करण्याआधी फिल्टर कापावा. त्यातला कागद उलगडून, पिळून, उजेडात पाहावा. बारीक चंदेरी कण बेअरिंगच्या वरच्या थराचे असतात. तांब्याच्या रंगाची झाक दिसली तर झीज त्या थराच्या खाली गेली आहे आणि पॅन उतरवण्यावाचून पर्याय नाही. बेअरिंग बदलताना कूलर, नळ्या आणि ड्राय संपची टाकीसुद्धा उघडून धुवावी, आणि कूलर आतून स्वच्छ झाल्याची खात्री पटत नसेल तर तो बदलावा.